स्टीलचा चिमटा ड्रॉवरमध्ये ठेव

अगं, तुझा मेल आला त्याच दिवशी वाचला होता, उत्तराला तीन आठवडे लागले, रागावू नकोस. आणि ते मॅडम-बिडम नको, इथे सगळे ताईच म्हणतात.

तू विचारलंयस की पीएचडीला मॅग्नेटिझममधले चुंबकी भोवरे म्हणजे स्किर्मिऑन घेऊ, करंटने चुंबकाची दिशा फिरवणारा स्पिन-ऑर्बिट टॉर्क घेऊ की अल्टरमॅग्नेट, कारण सध्या जो तो अल्टरमॅग्नेटचंच बोलतोय. खरं सांगू, टॉपिक कुठलाही घे, पाच वर्षांत निम्मा बदलतोच. पण ग्राफवर एक छान सिग्नल दिसला की तू पहिल्या पाच मिनिटांत काय करतेस, त्यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

माझंच सांगते. पहिलं वर्ष, ऑक्साइडची पातळ फिल्म, जिच्यात मॅग्नेटिझम असायचं काही कारणच नाही, आणि स्क्विडमध्ये, म्हणजे अगदी बारीक चुंबकत्व मोजणाऱ्या मशीनमध्ये टाकली तर रूम टेम्परेचरला हिस्टेरिसिस लूप, चुंबकाची खूण सांगणारा ग्राफवरचा फास, इतका देखणा की बघत बसावं. रात्री साडेअकराला आईला फोन केला, तिला काही कळलं नाही पण ती खूश झाली, गाईडही खूश, मी तर मनातल्या मनात पेपरचं टायटलसुद्धा ठरवून टाकलं. तीन आठवडे आम्ही हवेत. मग लॅबमधल्या एका सीनियरने सहज विचारलं, सॅम्पल उचलतेस कशाने? मी चिमटा दाखवला, स्टीलचा, टोकं घासून चकचकीत झालेली. तो काही बोलला नाही, फिल्म नसलेला कोरा सबस्ट्रेट, म्हणजे फिल्म जिच्यावर चढवतात ती खालची चकती, घेतला, त्याच चिमट्याने दोन-तीनदा कडेला धरला आणि म्हणाला, आता हा मोज. लूप आला. तसाच.

हिशोब करून बघ एकदा. लोखंडाचं सॅच्युरेशन, म्हणजे जास्तीत जास्त मॅग्नेटायझेशन, एका ग्रॅमला साधारण २१८ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक), म्हणजे मायक्रोग्रॅमचा शंभरावा भाग, जो डोळ्याला दिसणारही नाही, तोसुद्धा दोन मायक्रो-ईएमयू देतो, आणि चांगलं स्क्विड त्याच्याही शंभरपट बारीक सिग्नल पकडतं. मशीन अगदी खरं बोलत होतं, फक्त ते माझ्या फिल्मबद्दल बोलत नव्हतं!

आणि हे एकट्या माझंच नाही हं. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडमध्ये फेरोमॅग्नेटिझम, म्हणजे लोखंडासारखं चुंबकत्व, दिसल्याचा पेपर 'नेचर'मध्ये आला, आणि २००५ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की स्वच्छ फिल्ममध्ये काहीच नाही, स्टीलच्या चिमट्याने हाताळली की मात्र सिग्नल येतो. तेव्हापासून माझ्याकडे प्लास्टिकचा आणि टायटॅनियमचा असे दोनच चिमटे बाहेर असतात.

आता तुझ्या अल्टरमॅग्नेटकडे येते. कल्पना खरंच सुंदर आहे, बाहेरून बघितलं तर एकूण मॅग्नेटायझेशन शून्य, अँटिफेरोमॅग्नेटसारखं, जिथे शेजारचे अणुचुंबक एकमेकांना रद्द करतात, पण आत इलेक्ट्रॉनचे बँड, म्हणजे ऊर्जेचे पट्टे, स्पिनप्रमाणे (इलेक्ट्रॉनच्या इवल्याशा चुंबकाच्या दिशेप्रमाणे) वेगळे झालेले. २०२२ मध्ये श्मेकाल, सिनोवा आणि युंगविर्थ यांनी ती नीट मांडली, आणि २०२४ मध्ये मँगनीज टेल्युराइडमध्ये ते बँड फोटोएमिशनने, म्हणजे प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून मोजल्यावर, दिसले, ते काम मला भक्कम वाटतं. पण ज्याच्यावर सुरुवातीला सगळे तुटून पडले ते होतं रुथेनियम डायऑक्साइड, आणि त्याच्यावर ढिगाने पेपर आल्यावर म्युऑन आणि न्यूट्रॉनचे कण सोडून मोजणाऱ्यांनी पुन्हा मोजलं तर बल्क क्रिस्टलमध्ये, म्हणजे फिल्म नसलेल्या जाड स्फटिकात, मॅग्नेटिक ऑर्डरच सापडेना. पातळ फिल्मबद्दल अजून भांडण चालू आहे. तुला यात उतरायचं असेल तर जरूर उतर, फक्त भांडण कशावर चाललंय ते आधी वाच, नुसते पहिले पेपर वाचून नाचू नकोस.

छोट्या सिग्नलला घाबरायचं असं मात्र मी म्हणत नाहीये. जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स बघ ना, चुंबकी फील्डने पातळ थरांचा रेझिस्टन्स बदलतो तो, १९८८. ग्र्युनबर्गच्या लोखंड-क्रोमियम-लोखंड सँडविचमध्ये रूम टेम्परेचरला फरक जेमतेम दीड टक्का, तर फर्टच्या मल्टिलेयरमध्ये ४.२ केल्व्हिनला रेझिस्टन्स जवळपास निम्म्यावर आला. दोन वेगळ्या लॅब, वेगळी सॅम्पल, एकच गोष्ट. म्हणून तर २००७ चं नोबेल दोघांना. पुढे आयबीएममध्ये पार्किनने एकेक अणुथर सावकाश रचणाऱ्या महागड्या एमबीईच्या मागे न लागता साध्या स्पटरिंगने, म्हणजे आयन आपटून धातूचे अणू उडवून, भराभर असंख्य थर बनवून बघितले, आणि १९९७ पर्यंत तीच गोष्ट हार्ड डिस्कच्या रीड हेडमध्ये जाऊन बसली.

त्यामुळे लॅब निवडताना एवढंच विचार की स्पटरिंग मशीनला तुला स्वतः हात लावू देणार का. कोबाल्ट-आयर्न-बोरॉनचा थर एमजीओवर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडवर, १.३ नॅनोमीटरच्या आसपास असला की त्याचं मॅग्नेटायझेशन थराला काटकोनात उभं राहतं, जरा जाड झाला की आडवं पडतं, सगळा खेळ अणूंच्या मोजक्या थरांचा, तो दुसऱ्याने बनवून दिलेल्या सॅम्पलवर कधीच कळत नाही. ॲनीलिंगला, म्हणजे नंतर तापवताना, बोरॉन बाहेर पडतो आणि थराला एमजीओशी जुळणारी क्रिस्टलची ठेवण येते, तोवर टनेलिंगचा, म्हणजे एमजीओच्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार जाताना रेझिस्टन्समध्ये पडणाऱ्या फरकाचा, मोठा आकडा दिसतच नाही. हे वाचून होत नाही गं, चार सॅम्पल जाळावी लागतात.

घरचे म्हणतात परदेशातच जा, असं लिहिलंयस. जा की, पण इथे काही नाही असं समजून जाऊ नकोस. स्पिन-टॉर्क डायोडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या जोरावर एसीचं डीसी करणाऱ्या डायोडचा, २००५ चा 'नेचर' पेपर आहे ना, जपानमधल्या कामाचा, त्याचे पहिले लेखक तुळापुरकर पवईला आयआयटीत शिकवतात. त्यांच्या ग्रुपचे पेपर वाच, आवडलं तर सरळ लिही, मोठी माणसं उत्तर देत नाहीत ही आपली समजूत असते.

तुझ्या प्रोजेक्टचा तो लूप जोडून पाठवलायस, बघितला. छान आहे, म्हणूनच जरा धाकधूक वाटते. त्याच बॅचचा कोरा सबस्ट्रेट असेल तर तो मोज, त्याच स्ट्रॉमध्ये, त्याच टेपने, आणि तोही प्लास्टिकच्या चिमट्याने उचल. सॅम्पल स्ट्रॉमध्ये वेगवेगळ्या दिशेने ठेवून बघ, दिशेप्रमाणे काय बदलतं ते. फाईल मला पाठव, रात्र झाली असली तरी चालेल, मी जागीच असते.