बिस्मार्कचा मुलगा हर्बर्ट याच्याबद्दल कोणी सांगेल का?

हर्बर्ट (१८४९–१९०४) हा जर्मनीचा पहिला चान्सलर ओटो फॉन बिस्मार्क याचा थोरला मुलगा. फ्रान्सविरुद्धच्या १८७० च्या युद्धात जखमी झाला, पुढे परराष्ट्र सेवेत शिरला आणि १८८६ मध्ये परराष्ट्र खात्याचा सचिव झाला. वडिलांच्या वशिल्याने चढला हे खरं, पण कामाला वाघ होता.

मोठ्या बापाच्या सावलीची किंमत मात्र त्याने पुरेपूर मोजली. सरदार घराण्यातल्या एलिझाबेथने १८८१ मध्ये त्याच्यासाठी घटस्फोट घेतला. तिचे नातलग बिस्मार्कच्या विरोधी गोटातले, म्हणून बिस्मार्कने लग्न होऊच दिलं नाही. ती व्हेनिसमध्ये वाट पाहत राहिली, हा गेलाच नाही. मला हे फार क्रूर वाटतं.

१८९० मध्ये कैसरने, म्हणजे जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने, वडिलांना पदावरून घालवलं, तेव्हा हर्बर्टने राहावं अशी कैसरची इच्छा होती. पण हर्बर्टनेही राजीनामा दिला.