नोटेवरचा मिशाळ माणूस

प्रश्न : माझा भाचा युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होता. 2022 च्या मार्चमध्ये लढाईतून सुटून घरी आला, तेव्हा पाकिटात 5 आणि 10 ह्रीवनाच्या दोन नोटा तशाच राहिल्या होत्या. 5 च्या नोटेवर एक मिशाळ माणूस आहे. भाचा म्हणतो, हे त्यांचे शिवाजी महाराज. खरं का हो?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं अर्धं मान्य. तो बोहदान ख्मेल्नित्स्की, कोसॅकांचा म्हणजे युक्रेनच्या गवताळ मुलखातल्या लढवय्यांचा हेतमान, म्हणजे सरसेनापती. काळ महाराजांचाच, पण 1648 मध्ये हा पोलंडच्या राजवटीविरुद्ध उठला तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता आणि महाराज अठरा वर्षांचे. भांडण सुरू झालं ते सुबोतिवच्या जहागिरीवरून. एका पोलिश अंमलदाराने ती बळकावली, दरबारात दाद लागली नाही.

लढायला लागला आणि मे महिन्यातच झोव्ति वोदी आणि कोर्सुन या दोन लढाया मारल्या. पण कोसॅकांची ताकद पायदळात. घोडदळासाठी क्रिमियाच्या तातार खानावर भिस्त. 1651 मध्ये बेरेस्तेच्कोला खान ऐन लढाईत फौज घेऊन निघून गेला आणि बोहदानलाही सोबत घेऊन गेला! दोन वर्षांपूर्वी पोलंडशी झालेल्या तहात 40,000 कोसॅकांची अधिकृत फौज म्हणून नोंद मान्य झाली होती, ती आता 20,000 वर आली. अखेर 1654 मध्ये पेरेयास्लाव्हला त्याने मॉस्कोच्या झारचा आश्रय घेतला. त्यावरून तिकडे अजून वाद आहेत. आपले यशवंतराव होळकरही 1805 मध्ये मदत मागत पंजाबापर्यंत गेले होते, आणि शेवटी इंग्रजांशी तह करूनच परतले. बोहदानला निदान मदत मिळाली, पण किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

उरलेलं अर्धं का मान्य नाही, तेही सांगतो. त्या उठावात हजारो ज्यू मारले गेले. ज्यूंच्या आठवणीत हा माणूस वीर नाही.

10 च्या नोटेवर इवान माझेपा. तोही हेतमान. त्याने झारची साथ सोडून 1708 मध्ये स्वीडनच्या राजाचा हात धरला. पुढच्याच वर्षी पोल्तावाला दोघे हरले आणि त्याच वर्षी तो तुर्की मुलखात, बेंदेरला वारला. रशियन चर्चने त्याला शाप दिला होता. युक्रेनने नोटेवर बसवला.

सराफ्यात या नोटांचे कोणी काही देणार नाही, जपून ठेवा. 5 ची उलटून बघा, मागे एक देऊळ दिसेल. ते सुबोतिवचं. त्याच जहागिरीच्या गावात बोहदानला पुरलं होतं.