राष्ट्रीय उद्यानातली जमीन गावाची कशी?

प्रश्न: दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीत वाटाड्या म्हणाला, "पाफुरीचं हे रान सरकारचं नाही, मकुलेके लोकांचं." त्यांना तिथे राहताच येत नसेल, तर ही मालकी कसली? – एक वाचक, ठाणे

उत्तर: वाटाड्या खरं बोलला. लिंपोपो आणि लुवुवु नद्यांच्या बेचक्यातून १९६९ मध्ये या लोकांना जबरदस्तीनं उठवलं आणि जमीन उद्यानाला जोडली. वर्णभेदी राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला. १९९८ मध्ये तडजोड होऊन सुमारे २४ हजार हेक्टरांची मालकी त्यांच्या सामुदायिक संस्थेकडे परत आली. अट अशी, की ५० वर्षं हे रान उद्यानातच राहील. वस्ती, शेती, खाणकाम काही नाही.

तलाठ्याच्या घरात वाढल्यामुळे मला आधी हे निव्वळ उताऱ्यावरचं नाव वाटलं. पण कोणत्या पर्यटन कंपनीला जागा भाड्यानं द्यायची, हे मकुलेकेंचं गाव ठरवतं. भाडं आणि नोकऱ्या गावाकडे येतात, कारभाराच्या संयुक्त मंडळात उद्यान खात्याशेजारी गावाचे लोक बसतात. भाड्याचा पैसा वाटताना भांडणं होत नसतील, असं मात्र समजू नका. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते? आणि सगळी भिस्त पर्यटकांवर. २०२० मध्ये ते यायचेच थांबले होते.