तो विषय तुम्हीच पुन्हा काढा

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. इतिहासात पदवी, ७४ टक्के. तिला मानवी हक्क शिक्षणात काम करायचंय, तेही शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचं. त्यानं शाळांमधला द्वेष कमी होईल, असं ती म्हणते. मला यात भविष्य दिसत नाही. हक्कांचंच करायचं तर कायद्याला जा, म्हटलं. दोन महिने वाद झाले. शेवटी सांगून टाकलं, हा विषय घरात पुन्हा निघणार नाही. आता ती गप्प असते. तिला समजवाल का?

उत्तर : टक्के चांगले आहेत, ते राहू द्या. मी अडखळलो ते 'आता ती गप्प असते' या ओळीशी. वाद मिटला म्हणून तुम्हाला हायसं वाटलं असेल. मला धस्स झालं. एवढी मोठी मुलगी स्वतःच्या आयुष्याबद्दल घरात बोलेनाशी होते, तेव्हा तिनं बहुधा तुमच्याकडून अपेक्षाच सोडलेली असते. दोन महिन्यांत तिचं म्हणणं एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलंत का? पत्रात त्याला एकच ओळ मिळालीय, आणि तीही 'असं ती म्हणते' म्हणून.

मुलांचं शिक्षण आई-वडिलांनीच ठरवायचं, असं तुम्ही म्हणाल. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातलं २६ वं कलम खरोखरच तो हक्क पालकांना देतं. पण मुलांपुरता. तुमची मुलगी सज्ञान आहे. आणि त्याच कलमात, त्याच्याच आधी, शिक्षणानं राष्ट्राराष्ट्रांत, वेगवेगळ्या वंशांच्या आणि धर्मांच्या लोकांत समजूतदारपणा, सहिष्णुता आणि मैत्री वाढवावी, असं लिहिलंय. तिला हेच काम करायचंय.

आता कायद्याचं. हक्कांचं काम म्हणजे कायदाच, हा गैरसमज फार जणांचा आहे. वर्गातला एक प्रसंग बघा. हजेरी चालू आहे. एका मुलाचं नाव येतं, मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या धर्मावरून शेरा मारतं, अर्धा वर्ग हसतो. तो मुलगाही कसनुसा हसतो. शिक्षकांनी ते ऐकलेलं असतं, तरी ते फळ्याकडे वळतात आणि तारीख लिहायला लागतात. माणूस वाईट नसतो. त्या अर्ध्या मिनिटात काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. नुसतं ओरडलं तर शेरा मारणारा मधल्या सुट्टीत त्याच मुलावर राग काढतो. गप्प बसलं तर हे चालतं, असं अख्खा वर्ग समजतो. प्रशिक्षण लागतं ते इथे : प्रसंग वठवून बघायचा, योग्य वाक्यं तोंडात बसवायची, आधी स्वतःच्या मनातले पूर्वग्रह तपासायचे. संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मानवी हक्क शिक्षणाच्या जाहीरनाम्यात याचे तीन पदर सांगितलेत. हक्कांविषयी शिकणं, शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा मान राखून शिकणं, आणि स्वतःचे व इतरांचे हक्क जपायला समर्थ होणं. कायद्याच्या पदवीत पहिला पदर हाती येतो. वर्गातल्या त्या अर्ध्या मिनिटाला उरलेले दोन लागतात.

भविष्याबद्दलची तुमची शंका अगदीच चुकीची नाही. या नावाच्या जागा मोजक्याच असतात. अध्यापक महाविद्यालयं, अभ्यासक्रम तयार करणाऱ्या संस्था आणि स्वयंसेवी संस्था, इथे हे काम निघतं. २००५ पासून संयुक्त राष्ट्रांचा यासाठी जागतिक कार्यक्रम आहे आणि २०१० ते २०१४ च्या टप्प्यात शिक्षकांचं प्रशिक्षण हाच त्याचा एक मुख्य भाग होता. म्हणजे मुलगी हवेत बोलत नाहीये.

तिच्याशीही माझा एक मतभेद आहे. तिनं थेट प्रशिक्षक व्हायला जाऊ नये. शिक्षणशास्त्राची पदवी, पात्रता परीक्षा, हा रस्ता माहितीतलाच आहे. पण नंतर निदान तीन-चार वर्षं तिनं शाळेत शिकवावं, शक्यतो आठवी-नववीला. वीस वर्षं खडू हातात धरलेली माणसं उद्या तिच्यासमोर बसतील. तुम्ही कधी वर्ग सांभाळलाय का, हा त्यांचा पहिला प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे.

आज रात्री तिच्याशी बोला. विषय मी बंद केला होता, मीच उघडतोय, असं स्वतःच्या तोंडानं सांगा. ती लगेच बोलेल असं नाही, चार दिवस जातील. बोलू लागली की मध्ये तोडू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.