पेशंट न तपासणारा डॉक्टर?

प्रश्न : मॅडम, मी लातूरची. एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली. नीट-पीजीच्या रँकवर मेडिसिन मिळत नाही, पॅथॉलॉजी मिळतंय. बाबा म्हणतात, पेशंट न तपासणारा डॉक्टर कसला? सीट घेऊ की परीक्षा पुन्हा देऊ?

उत्तर : बाबांना हे सांग. एका रात्री एका तरुणाच्या रक्ताची स्लाइड माझ्यापुढे आली. कागदावर एवढंच, हिरड्यांतून रक्त येतंय. लिशमन स्टेनने रंगवलेल्या स्लाइडवर रोगट पेशी दिसल्या, आत मोळी बांधल्यासारखे ऑअर रॉड, म्हणजे काड्यांसारखे कण. म्हणजे एपीएमएल. या रक्ताच्या कर्करोगात सुरुवातीलाच रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो. मी तडक वॉर्डात फोन लावला. जनुकीय तपासणीची वाट न बघता एट्रा हे त्यावरचं औषध त्याच रात्री सुरू झालं. ही डॉक्टरकी नाही तर काय?

एमडीची तीन वर्षं सोपी नाहीत. ग्रॉसिंगला, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग कापून बघताना, तो टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात. फ्रोझन सेक्शनच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासण्याच्या वेळी पेशंट टेबलावर, सर्जन खोळंबलेला, आणि वीसेक मिनिटांत गाठ कर्करोगाची आहे की नाही हे कळवायचं असतं. एफएनएसी (गाठीतून सुईने पेशी काढणं), बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) यांसाठी तर पेशंट तुझ्यापुढेच बसणार.

पण इंटर्नशिपमध्ये वॉर्डातच तुझा जीव रमला असेल, तर जरूर पुन्हा परीक्षा दे. नातेवाइकांच्या बोलण्यावरून मात्र वर्ष घालवू नकोस. सीट घेण्याआधी तिथल्या रेसिडेंटना विचार : बायोप्सी किती येतात, सिनिअर शेजारी बसून स्लाइड दाखवतात का?