पाळत, निगराणी की मागोवा?

इंदूरच्या एका रुग्णालयातील कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या परिचारिका आपल्या मंडळाच्या मराठी अंकासाठी एक लेख लिहीत आहेत. परदेशांत रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून बेकायदा आणि नव्या अमली पदार्थांचे जे ‘सर्व्हेलन्स’ चालते, तो लेखाचा विषय आहे. त्यांनी ‘पाळत’ हा शब्द योजला, तर सहकाऱ्यांनी ‘निगराणी’ सुचवला. यांतला योग्य कोणता, आणि ‘इमर्जिंग’साठी ‘उदयोन्मुख’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी हे काम काय आहे ते पाहू. ऑस्ट्रेलियातील ‘इमर्जिंग ड्रग्ज नेटवर्क’मध्ये, अमली पदार्थाची विषबाधा झाल्याचा संशय असलेल्या गंभीर रुग्णाच्या रक्ताचा नमुना सखोल तपासणीसाठी प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निष्कर्ष त्याच्या लक्षणांशी ताडून पाहिला जातो. समजा, रुग्णाने झोपेची गोळी घेतली असे सोबतचे लोक सांगतात. पण त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या आहेत, श्वास मंदावला आहे आणि नॅलोक्सोन (अफूच्या जातीच्या पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषध) दिल्यावर तो सुधारतो. म्हणजे गोळीत अफूच्या जातीचे काहीतरी होते. पुढे रक्तात नायटाझीन या प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या, अफूसारख्या गटातला पदार्थ सापडतो, जो अफूसाठीच्या नेहमीच्या लघवीच्या तपासणीत बहुधा दिसतच नाही. मग त्या गोळीबद्दल इतर रुग्णालयांना आणि लोकांना सावध करता येते. युरोपात २०१३ साली सुरू झालेले ‘युरो-डेन’ हे जाळे मुख्यतः डॉक्टरांच्या नोंदींवर चालते, आणि अमेरिकेत १९७०च्या दशकापासून ‘ड्रग अब्यूज वॉर्निंग नेटवर्क’ने असेच काम केले. या सर्व व्यवस्थांत शोध असतो तो पदार्थाचा. अमुक रुग्ण कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते.

मराठीत ‘पाळत’ नेमकी माणसावर असते. पोलीस संशयितावर पाळत ठेवतात, आणि चोरही पाळत ठेवूनच घर फोडतात. शब्दात छुपेपणा आहे आणि समोरच्याबद्दलचा संशयही आहे. विषबाधेची शंका आली की आपल्याकडे कागदावर ‘एमएलसी’चा, म्हणजे ‘मेडिको-लीगल केस’चा (कायद्याशी संबंधित प्रकरणाचा) शिक्का पडतो आणि पोलिसांना कळवले जाते, त्यामुळे ‘काय घेतले?’ या प्रश्नाला नातेवाईक आधीच बिचकून उत्तर देतात. त्यांच्या कानावर ‘पाळत’ पडली तर ते खरे सांगणार नाहीत, आणि ही सगळी व्यवस्था तर त्यांनी खरे सांगण्यावर बरीचशी उभी आहे. पुण्यात १८९७च्या प्लेगमध्ये घरोघर झडत्या सुरू झाल्या तेव्हा लोकांनी रुग्ण लपवले होते, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये.

इंग्रजी शब्दाचाही प्रवास इथे उपयोगी पडतो. सार्वजनिक आरोग्यात ‘सर्व्हेलन्स’ म्हणजे पूर्वी देवी, प्लेग अशा रोगांच्या रुग्णांशी संपर्क आलेल्या माणसांवर ठेवलेली नजर. अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगमूर यांनी १९६३ साली तो शब्द माणसांवरून काढून रोगावर नेला : माहिती सतत गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि ज्यांना ती हवी त्यांच्यापर्यंत पोचवणे. इंग्रजीने जुन्याच शब्दाला नवा अर्थ दिला. मराठीत मात्र ‘पाळत’ अजून जुन्याच अर्थाला चिकटून आहे.

‘निगराणी’ आपल्याकडे हिंदीच्या सहवासाने तोंडात बसलेला आहे आणि हिंदीतील आरोग्यखातेही तोच वापरते. पण मध्य प्रदेशात पोलिसांच्या यादीवरील सराईत गुन्हेगाराला ‘निगरानी बदमाश’ म्हणतात, हे इंदूरच्या वाचकाला सांगायला नको. फारसीतल्या त्याच ‘पाहण्या’च्या घराण्यातला ‘निगा’ मराठीत किती मायेचा झाला, आणि ‘निगरानी’ मात्र ठाण्याच्या वहीत जाऊन बसली! ‘देखरेख’ कॅज्युअल्टीत आधीच अडकलेली आहे : रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो, त्यामुळे घोटाळा होईल. ‘सर्वेक्षण’ महाराष्ट्राच्या आरोग्यखात्यात रोगांसाठी रूढ आहे आणि चूक मुळीच नाही, परंतु सामान्य वाचकाला त्यातून एकदाच घरोघर फिरून केलेली पाहणी दिसते.

माझे मत ‘मागोवा’ला आहे. मागोवा घटनेचा, विषयाचा, वस्तूचा घेतला जातो आणि त्यात माणसावर आळ येत नाही. ‘सरत्या वर्षाचा मागोवा’ अशा प्रयोगांमुळे त्याला मागे वळून पाहण्याची छटा आली आहे, ही त्याची उणीव खरी, म्हणून ‘सतत’ हे विशेषण जोडावे : ‘आपत्कालीन विभागांतून अमली पदार्थांचा सतत मागोवा’. लेखात कुठेही ‘रुग्णांचा मागोवा’ असे होऊ देऊ नये. षष्ठी पदार्थालाच लागली पाहिजे.

‘अमली’ निःशंकपणे ठेवावा. माळव्यात ‘अमल’ म्हणजे थेट अफू, आणि मंदसौर-नीमचच्या परवानाधारक शेतीमुळे तो अर्थ इथे अजून जिवंत आहे. मराठीत मात्र ‘अंमल चढणे’ कोणत्याही नशेला चालते, त्यामुळे प्रयोगशाळेत तयार झालेले पदार्थही त्यात सामावतात.

‘उदयोन्मुख’ टाळावा. मराठीत उदयोन्मुख असतात ते गायक, खेळाडू, कवी. त्या शब्दात कौतुक आणि शुभेच्छा दोन्ही आहेत. जीव घेणाऱ्या गोळीला तो लावणे अनुचित होईल. ‘नव्याने आढळणारे’ असे लिहावे, कारण आपत्कालीन विभागाला तेवढेच खात्रीने सांगता येते : पदार्थ बाजारात केव्हा आला ते नव्हे, तर तो रुग्णाच्या रक्तात प्रथम केव्हा आढळला ते.