कात्री लावा म्हणताय, पण कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही एक साधा प्रश्न टाकला होता, की देशावरचं कर्ज कमी करायचंय आणि कात्री तुमच्या हातात दिली तर कुठला सरकारी खर्च कापाल? पत्रं आणि मेसेज भरपूर आले, त्यातले काही भांडणाच्या सुरातले, एकदोन तर थेट आमच्यावरच. त्यातली निवडक इथे घेतोय. उत्तरांमधले केंद्राचे आकडे २०२५-२६ च्या बजेटमधले आहेत, म्हणजे उगाच एका वर्षाचा आकडा दुसऱ्याला जोडला असं व्हायला नको.

प्रश्न : व्हॉट्सअपवर फिरतंय की प्रत्येक भारतीयाच्या डोक्यावर जवळपास दीड लाखाचं कर्ज आहे. खरंय का? आणि मग सरकार ते फेडून का टाकत नाही एकदाचं? (एक गृहिणी, डोंबिवली)

ताई, भागाकार बरोबर आहे. केंद्राचं कर्ज दोनशे लाख कोटींच्या आसपास, त्याला १४० कोटी लोकांनी भागलं की माणशी १ लाख ४० हजारांच्या वर जातंच. पण मेसेज पाठवणारा पुढचं अर्धं सांगत नाही, की हे कर्ज सरकारला दिलंय कुणी? सगळ्यात जास्त आपल्याच बँकांनी, मग विमा कंपन्यांनी, रिझर्व्ह बँकेनं, पीएफनं. परदेशी कर्जाचा वाटा अगदी थोडा. म्हणजे तुमच्या बँकेतल्या एफडीचा आणि विम्याच्या हप्त्याचा काही भाग फिरून सरकारी रोख्यांतच गेलेला असतो, तुम्ही एका हातानं देणेकरी आणि दुसऱ्या हातानं सावकार.

फेडून टाकायचं तर कुठलाच मोठा देश तसं करत नाही, जुना रोखा मुदत संपली की नवा काढून फेडला जातो. बघायचं असतं ते देशाच्या उत्पन्नाच्या मानानं कर्ज किती. ते सध्या ५६ टक्क्यांच्या आसपास धरलंय आणि मार्च २०३१ पर्यंत ५० च्या जवळ, एक टक्का इकडे तिकडे, आणायचं असं सरकारनंच ठरवलंय.

खरी डोकेदुखी व्याजाची आहे. वर्षाचं व्याज १२ लाख ७६ हजार कोटी, महसुली उत्पन्नाच्या दर शंभर रुपयांतले ३७ रुपये त्यातच जातात. आणि त्याच वर्षी नवं कर्ज काढायचंय साधारण १५ लाख ६९ हजार कोटींचं, म्हणजे नवीन कर्जातला बराचसा पैसा जुन्याचं व्याज भागवण्याइतकाच. व्याज कापता येत नाही, ते द्यावंच लागतं. रोजचा हिशोब काढला तर साधारण साडेतीन हजार कोटी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या उत्तरांत मी ह्याच मापानं मोजणार आहे, व्याजाचे किती दिवस सुटले.

प्रश्न : आधी खासदारांचे पगार, पेन्शन, फंड बंद करा ना, मग गरिबाकडे बघा!! (बऱ्याच जणांचा हाच सूर, म्हणून एकत्र)

हे करून झालंय हो. एप्रिल २०२० मध्ये कोविड आला तेव्हा खासदारांचा पगार वर्षभरासाठी ३० टक्के कापला आणि खासदार निधी दोन वर्षांसाठी बंद ठेवायचं ठरलं. निधीतून वाचणार होते ७,९०० कोटी, दोन्ही वर्षांचे मिळून, म्हणजे वर्षाला व्याजाचा एक दिवस आणि वर काही तास. पगारकपातीतून तर सगळे खासदार धरून तीस कोटींच्या आत, ते तासाच्याही हिशोबात बसत नाहीत.

त्याच वेळी केंद्रीय कर्मचारी आणि पेन्शनरांचा महागाई भत्ता दीड वर्ष गोठवला, त्यातून वाचले ३४,४०० कोटी, म्हणजे जवळपास दहा दिवस. फरक बघा, ज्याच्यावर टाळ्या पडल्या त्यातून काही हाती लागलं नाही आणि जे लागलं ते लाखो घरांच्या खिशातून. खासदारांचा भत्ता कापा, जरूर कापा, लोकांना बरं वाटतं आणि त्यालाही किंमत आहे, फक्त त्यानं कर्ज कमी होईल असं कुणी सांगू नये.

प्रश्न : फुकट रेशन आणि लाडकी बहीण, ह्या दोन गोष्टींनी देश बुडतोय असं माझं स्पष्ट मत आहे. आपण धाडस करून छापाल का? (एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

छापलं सर. पण आधी दोन वह्या वेगळ्या करू. लाडकी बहीण राज्याच्या वहीतली, तिचा केंद्राच्या कर्जाशी थेट संबंध नाही. २०२४-२५ ला तिच्यासाठी ४६ हजार कोटी सांगितले होते, पुढच्या बजेटला ३६ हजार कोटींची तरतूद आली आणि त्याच बजेटमध्ये राज्याची महसुली तूट जवळपास ४६ हजार कोटींची. राज्याला ती जड जातेय हे उघड आहे. पडताळणीत सरकारी नोकरीतल्या दोन हजारांहून जास्त बायकांनी पैसे घेतल्याचं सरकारनंच सांगितलं. निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईत फॉर्म भरून घ्यायचे आणि निकालानंतर पात्रता तपासायची, ही पद्धत मला पटत नाही, पैसे देण्यापेक्षा ती जास्त खटकते.

रेशन केंद्राचं. अन्न सबसिडी २ लाख ३ हजार कोटी, ५८ दिवस. आकडा मोठा आहेच, पण ८१ कोटी लोकांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य त्यातून जातं. जानेवारी २०२३ आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, मग ते पूर्ण फुकट केलं. आता समजा जुना दर परत आणला, तर ढोबळ गणितानं वर्षाला दहा ते पंधरा हजार कोटी येतील, तीनचार दिवस. सरकारला एक किलो तांदूळ चाळीस रुपयांच्या आसपास पडतो, ३ रुपये घेतल्यानं त्यात काय भर पडणार. खरी बचत करायची तर यादीतली माणसं कमी करावी लागतील, आणि कुणाला काढायचं हे ठरवायला आपल्याकडे आहे काय, तर २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या. म्हणजे ज्यांना नको त्यांना मिळतंय आणि त्यानंतर घरात जन्मलेली किती पोरं यादीबाहेर. म्हणून रेशनवर आत्ता कात्री चालवायला माझा विरोध आहे, आधी यादी नीट करा.

प्रश्न : जुन्या पेन्शनच्या संपात मी होतो. आम्ही आयुष्यभर नोकरी केली आणि आता आमचंच पेन्शन देशाला जड झालं का? (राज्य सरकारी कर्मचारी, अहिल्यानगर)

मार्च २०२३ चा तो संप आठवतोय, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' च्या टोप्या घालून रस्त्यावर आलेली माणसं, आठवडाभर दवाखाने शाळा ऑफिसं सगळं ठप्प. तुमची भीती खोटी नव्हती, जुन्या पक्क्या पेन्शनऐवजी बाजाराशी जोडलेली नवी पेन्शन आली, आणि शेअर बाजारावर म्हातारपण टांगणं कुणाला आवडेल. पण केंद्राचा पेन्शनचा खर्च पावणेतीन लाख कोटींच्या वर आहे, त्यातला निम्म्याहून जास्त सैन्यदलाच्या पेन्शनचा. जे निवृत्त झाले त्यांचं कापता येत नाही आणि कापूही नये, शब्द दिलेला आहे. कापाकापी जी झाली ती १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांची (आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५), तिचा फायदा ही माणसं निवृत्त व्हायला लागल्यावर, म्हणजे २०३५-४० च्या सुमारास दिसला असता. तेवढ्यात एप्रिल २०२५ पासून केंद्रानं युनिफाईड पेन्शन आणली, २५ वर्षं नोकरी केली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं पक्कं. तुमच्या बाजूनं बघितलं तर चांगलंच झालं. कर्जाच्या बाजूनं बघितलं तर वीस वर्षं जी बचत पिकायची वाट बघत होतो ती हिरवी असतानाच थोडी तोडून खाल्ली.

प्रश्न : रस्ते, रेल्वे, मेट्रो खूप झालं. ११ लाख कोटी तिथे जातात म्हणे. तेच अर्धे करा की, एका झटक्यात काम. (दुकानदार, जालना)

हेच तर होतं नेहमी, म्हणून मला ह्या पत्राची जास्त काळजी वाटली. भांडवली खर्च ११ लाख २१ हजार कोटी, कापायला सगळ्यात सोपा, कारण जो पूल बांधलाच नाही त्याच्यासाठी मोर्चा कुणी काढत नाही. पगार कापला तर संप होतो, खत महागलं तर रास्ता रोको, पण पूल दोन वर्षं लांबला तर फार तर एखादी बातमी. म्हणून तूट आवरायची वेळ आली की अर्थमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, हात आधी तिकडे जातो. आणि हाच एक खर्च असा की ज्यातून पुढे माल लवकर पोचतो, धंदा वाढतो, टॅक्स येतो, म्हणजे कर्ज भागिले देशाचं उत्पन्न ह्या भागाकारातली खालची संख्या वाढते. अर्थात त्यात पैसे खाल्ले जातात, पहिल्या पावसात डांबर वाहून जातं, ते वेगळं भांडण आणि ते भांडलंच पाहिजे.

प्रश्न : खर्च खरंच कापला की नुसता लपवला, हे सामान्य माणसाला कसं कळणार? (एमपीएससीचा अभ्यास करणारी, पुणे)

चांगला प्रश्न, आणि ह्याचं उदाहरण रेशनचंच आहे. काही वर्षं सरकारनं अन्न सबसिडीचे पूर्ण पैसे एफसीआयला, म्हणजे धान्य खरेदी करून पुरवणाऱ्या भारतीय अन्न महामंडळाला, दिलेच नाहीत, त्याऐवजी त्यांना अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावलं, म्हणजे पोस्टात आपण टाकतो त्याच पैशातून. धान्य वाटलं गेलं, पैसे खर्च झाले, पण बजेटमध्ये तूट मात्र सुबक दिसली. शेवटी २०२०-२१ ला ते कर्ज एकदम फेडून टाकलं आणि त्या एका वर्षात अन्न सबसिडी ५ लाख ४१ हजार कोटींवर गेली. तेव्हा एखाद्या वर्षी सबसिडी अचानक कमी झाली तर टाळ्या वाजवायच्या आधी त्या खात्याच्या महामंडळावरचं कर्ज वाढलंय का ते बघायचं.

प्रश्न : तुमच्यासारखे शहरातले लेखक शेवटी खताच्या सबसिडीवरच येणार हे माहितीये. शेतकऱ्याला अजून किती मारणार? (ऊस उत्पादक, वाळवा तालुका)

दादा, तुम्ही ओळखलंत, येणार आहे. पण ऐकून घ्या.

खताची सबसिडी १ लाख ६८ हजार कोटी, त्यातले सुमारे १ लाख १९ हजार कोटी एकट्या युरियाचे. नुसत्या युरियाचेच व्याजाचे ३४ दिवस. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांना मिळते, सबसिडी नसती तर ती दोन हजारांच्या वर गेली असती. २०१० साली बाकीच्या खतांच्या किमती बऱ्याच मोकळ्या केल्या आणि युरियाला मात्र हात लावला नाही, झालं काय तर डीएपी आणि पोटॅश महाग, युरिया स्वस्त, मग माणूस युरियाच मारणार ना. पीक काळंभोर दिसतं, शेजारी विचारतो काय टाकलंस, आणि जमीन आतून बिघडत जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय स्वस्त युरिया प्लायवूडच्या कारखान्यात गोंदासाठी जातो, दुधाच्या भेसळीत जातो, म्हणून २०१५ मध्ये सगळ्याला कडुनिंबाचं कोटिंग सक्तीचं करावं लागलं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

आणि ही सबसिडी मिळते कुणाला? जो जास्त गोण्या टाकतो त्याला. म्हणजे तुमच्या पाण्याखालच्या उसाला भरपूर आणि जत किंवा आटपाडीच्या कोरडवाहू ज्वारीवाल्याला नावापुरती. वर सीझनमध्ये कृषी सेवा केंद्रात लिंकिंग आहेच, युरिया हवा तर ही बाटली पण घ्या, म्हणजे २६६ ची गोणी खरंतर २६६ ला पडतच नाही. हे तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय, मी फक्त तुमच्याच विरोधात वापरतोय, राग नसावा.

आता कसं कापायचं. एकदम नाही. डिझेलचं आठवा, जानेवारी २०१३ पासून महिन्याला पन्नास पैसे, पन्नास पैसे असं वाढवत नेलं, ऑक्टोबर २०१४ ला क्रूड उतरल्यावर दर मोकळा केला. २०१२-१३ ला पेट्रोलियमची सबसिडी ९७ हजार कोटींच्या घरात होती, आता बजेटमध्ये बारा हजार कोटींच्या आसपास. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी मिळून केलेलं काम आहे ते, एकानं सुरू केलं आणि दुसऱ्यानं संपवलं. युरियाची गोणी अशीच दर हंगामाला थोडी थोडी वाढवावी आणि वाचलेल्यातला निम्मा पैसा एकरी हिशोबानं सरळ खात्यात टाकावा, पीएम किसानचे खातेनंबर आहेतच सरकारकडे. उसाला एकरी जास्त खत लागतं त्यामुळे तुमचं थोडं नुकसान होईल, खोटं बोलत नाही. कोरडवाहूवाल्याला फायदा होईल. अडचण एकच, खंडानं शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं, पैसे मालकाच्या खात्यात जातील आणि महाग गोणी कसणारा उचलेल. ह्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, ते निघेपर्यंत दरवाढ अगदी हळू ठेवावी एवढंच म्हणेन.

प्रश्न : टॅक्स भरतो आम्ही पगारदार आणि वाटप दुसऱ्यांना. आमच्यासाठी सरकार काय खर्च करतं? (आयटी कर्मचारी, हिंजवडी)

करतं, फक्त खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न टॅक्समधून सुटलं त्यात सरकारनं साधारण १ लाख कोटींवर पाणी सोडलं, म्हणजे व्याजाचे अठ्ठावीस दिवस. त्याआधी सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा टॅक्स कमी केला तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी जातील असं सरकारनंच सांगितलं होतं, एकेचाळीस दिवस. युरियाच्या चौतीस दिवसांशेजारी ठेवून बघा. न घेतलेला टॅक्स आणि दिलेली सबसिडी, तिजोरीला दोन्ही सारखेच. आलेल्या पत्रांमध्ये रेशन कापा म्हणणारी ढीगभर होती, १२ लाखांची सवलत कापा म्हणणारं एकही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या ऑफिसातही कुणी ते सुचवलं नाही.